असईच्या रानात एक हॅनोव्हरवाला

जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात फुटपाथवर एक लाल रेघ रंगवलेली आहे. ४.२ किलोमीटर लांब. स्टेशनाजवळून निघायचं आणि पायाखालची रेघ सोडायची नाही. ३६ ठिकाणं बघून होतात आणि माणूस फिरून पुन्हा स्टेशनासमोर येतो. गाईड नको, तिकीट नको. आमच्यातला एक जण तिथे दोन वर्षं शिकायला होता. दर सुट्टीत नवे मित्र जमवून तो त्या रेघेवरून चालायचा आणि आमच्या ग्रुपवर फोटोंचा पाऊस पाडायचा.

त्यातल्या एका फोटोत एक उंचच उंच खांब होता. वॉटर्लूचा विजयस्तंभ, ४६ मीटर, १८३२ साली पुरा झालेला. पायथ्याशी त्या लढाईत मेलेल्या हॅनोव्हरी सैनिकांची नावं कोरलेली. १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनविरुद्ध ही माणसं ज्याच्या हाताखाली लढली, तो सेनापती म्हणजे वेलिंग्टन, मूळचा आर्थर वेलस्ली. आणि या वेलस्लीने त्याच्या बारा वर्षं आधी जालना जिल्ह्यातल्या असई गावात एका हॅनोव्हरवाल्याचा पराभव केला होता. तो हॅनोव्हरवाला शिंद्यांचा नोकर होता.

हे कळल्यावर ग्रुपवर पुढचा अर्धा तास शांतता होती. आम्ही सगळे जालन्यात वाढलेलो. असई आपल्या जिल्ह्यात आहे एवढं सगळ्यांना ठाऊक, आणि प्रत्यक्ष गेलेला एकही नाही. मित्र परत आल्यावर ठरलं की असईची रेघ आपणच चालायची. चौघं निघालो. हॅनोव्हरवाला मित्र, इतिहास शिकवणारी एक मैत्रीण, जाफराबादकडे शेती असलेला एक जण आणि मी. दिवस सप्टेंबरचा शेवटून दुसरा रविवार, कारण लढाई २३ सप्टेंबरची आणि नदीला तेव्हा होतं तसं पाणी आम्हाला बघायचं होतं. राजूरच्या गणपतीला गाडीतूनच हात जोडले आणि भोकरदनच्या पुढे गाडी सोडून पायउतार झालो.

शाळेच्या पुस्तकात असई दोन ओळींत उरकते, म्हणून पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ शिंदे आणि पेशवे यांच्या फौजेला हरवलं. दुसरा बाजीराव पळून इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि ३१ डिसेंबरला त्याने वसईचा तह केला. हा तह दौलतराव शिंदे आणि नागपूरकर दुसरे रघूजी भोसले यांना मान्य होणं शक्यच नव्हतं. ऑगस्ट १८०३ मध्ये युद्ध पेटलं. वेलस्लीने १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला घेतला आणि गोदावरी ओलांडून तो औरंगाबादेत आला. २ सप्टेंबरला त्याचा जोडीदार कर्नल स्टीव्हन्सन याने आपलं जालना घेतलं. २१ तारखेला दोघं बदनापूरला भेटले. होय, आपलं बदनापूर, रेल्वेने जाताना लागतं ते. दोन वाटांनी जायचं आणि २४ तारखेला भोकरदनजवळ एकत्र येऊन हल्ला करायचा असं ठरलं.

२३ तारखेला सकाळी वेलस्ली नळणीला पोहोचला. तिथे त्याला कळलं की शिंदे-भोसल्यांची फौज भोकरदनला नाही, ती इथेच पाच-सहा मैलांवर केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मध्ये पसरली आहे. स्टीव्हन्सन यायला अजून एक दिवस होता. वेलस्ली थांबला नाही. तेव्हा त्याचं वय ३४. भाऊ गव्हर्नर जनरल. हाताखाली साडेचार हजारांच्या आसपास कवायती फौज, शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांकडचे घोडेस्वार. समोर तीस-चाळीस हजार घोडदळ, सुमारे ११,००० कवायती पायदळ आणि शंभरावर तोफा.

त्या अकरा हजारांतली सगळ्यात मोठी पलटण ज्याच्याकडे होती आणि रणांगणावर मांडणी ज्याने केली, तो अँथनी पोलमन.

पोलमनविषयी ठाम माहिती मोजकी आहे. तो हॅनोव्हर राज्यातला. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज हाच हॅनोव्हरचाही अधिपती होता, त्यामुळे हॅनोव्हरी पलटणी कंपनीच्या मदतीला मद्रासकडे आल्या होत्या. पोलमन कंपनीच्या चाकरीत सार्जंट होता. पुढे ती नोकरी सोडून तो शिंद्यांकडे आला. शिंद्यांकडे कवायती पायदळ उभं केलं ते महादजींनी, सॅव्हॉयच्या द ब्वान्य या सेनानीकडून. आग्र्याच्या कारखान्यात तोफा ओतल्या जात. पोलमन तिथे वाढत वाढत ब्रिगेडचा प्रमुख झाला आणि एखाद्या हिंदुस्थानी सरदाराच्या थाटात राहू लागला. हत्तीवरून फिरायचा, भोवती शरीररक्षक. बर्नार्ड कॉर्नवेलच्या ‘शार्प’ मालिकेतली असईवरची कादंबरी तुम्ही वाचली असेल तर तो तिथे भेटला असेलच.

गंमत म्हणजे या रणांगणाशी जोडलेला जर्मन भाषेचा हा एकटा धागा नाही. सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणीही शिंद्यांच्या बाजूने इथे होत्या. तिचा दिवंगत नवरा वॉल्टर राइनहार्ट हाही जर्मनभाषक मुलखातून आलेला भाडोत्री शिपाई, आणि त्याच्या ‘सोंब्र’ या टोपणनावाचंच आपल्या जिभेवर ‘समरू’ झालं. बेगम स्वतः इथे नव्हती. तिच्या पलटणीचा सेनानी सालूर, आणि तिसऱ्या पलटणीचा द्यूपाँ नावाचा डच.

केळणेच्या काठाला आम्ही पोहोचलो तेव्हा नऊ वाजले होते. दोन्ही बाजूंना कपाशी. मधेच सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं. काळी माती बुटांना अशी धरते की दहा पावलांत प्रत्येकी अर्धा किलो वजन वाढतं. इंग्रजी वृत्तांतांत पायदळाच्या चालीबद्दल मैलच्या मैल वाचलेत, पण या मातीवर कोणी एक ओळ लिहिलेली मला आठवत नाही. त्या दिवशी वेलस्लीची माणसं पहाटेपासून वीसेक मैल चालून, मग दुपारी तीनच्या सुमाराला लढाईला उभी राहिली.

असईची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट नदीच्या उताराची आहे. शिंद्यांची फौज केळणेच्या उत्तर काठावर दक्षिणेकडे तोंड करून उभी होती. समोरून नदी ओलांडणं म्हणजे तोफांच्या तोंडात जाणं. वेलस्लीला पूर्वेकडून वळसा घालून बगलेवर यायचं होतं. वाटाड्यांना विचारलं, तर त्यांनी सांगितलं की पुढे उतार नाहीच. मग त्याला पुढे नदीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशी दोन गावं समोरासमोर दिसली. कागदांत पीपलगाव आणि वारूर, म्हणजे आपलं पिंपळगाव आणि वरूड. एवढी जवळ दोन गावं आहेत म्हणजे मध्ये उतार असलाच पाहिजे, असं त्याने ताडलं. माणूस पाठवून खात्री केली. उतार होता. या एका तर्कावर त्याच्या बुद्धीचे पोवाडे दोनशे वर्षं गायले जातायत.

आमचा शेतकरी मित्र हे ऐकून हसायलाच लागला. म्हणाला, “समोरासमोर गावं म्हणजे सोयरीक असणार. सोयरीक म्हणजे जाणं-येणं असणार. यात हुशारी कसली? आमच्या आजीनंही सांगितलं असतं.”

बांधावर एक वयस्कर गृहस्थ बैल घेऊन उभे होते. त्याने त्यांनाच विचारलं, “काका, इथून पलीकडं जायला उतार कुठंय?”

“कोण्या गावचे तुम्ही?”

“जालन्याहून आलो.”

“लढाई पाह्यला आले का?” काकांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “त्या बाभळीच्या खालून जा. गुडघ्याएवढं पाणी हाय. बूट काढा आधी.”

बूट हातात घेऊन पाण्यातून जाताना मैत्रिणीने एक प्रश्न टाकला, आणि मला तो अख्ख्या दिवसातला सगळ्यात चांगला प्रश्न वाटतो. ज्या वाटाड्यांनी ‘उतार नाही’ असं सांगितलं, त्यांना तो खरंच ठाऊक नव्हता का? ज्याच्या गल्लीतल्या पोरालाही उतार माहीत असतो, अशा मुलखात? इंग्रज इतिहासकार हे वाटाड्यांचं अज्ञान म्हणून सोडून देतात. माझं मत वेगळं आहे. परकी फौज पुढ्यात उभी आहे, नदीपलीकडे आपल्या धन्याची फौज आहे, आणि हातात शस्त्र नाही. अशा वेळी ‘उतार नाही साहेब’ एवढंच माणूस करू शकतो. असईच्या लढाईतला हा पहिला प्रतिकार असू शकेल. तो फसला एवढंच.

उतार ओलांडताना शिंद्यांच्या तोफांची नजर तिथे पोहोचली. वेलस्लीच्या शेजारी चाललेल्या त्याच्या स्वाराचं डोकं गोळ्याने उडालं. पण फौज पार झाली.

वरूडच्या अंगाने वर चढून आलं की जमीन लक्षात येते. नकाशावर जे कळायला वेळ लागतो ते इथे एका नजरेत कळतं. डाव्या हाताला केळणा, उजवीकडे दूर जुई, आणि दोघी पूर्वेला एकत्र होत असल्यामुळे मधली जमीन जिभेसारखी निमुळती. वेलस्ली या निमुळत्या टोकाकडून आत शिरला. त्याचा डाव असा की शिंद्यांची लांबलचक ओळ दक्षिणेकडे तोंड करून बसली आहे, आपण तिच्या उघड्या डाव्या बगलेवर पश्चिमेकडे तोंड करून आदळायचं. एवढं मोठं पायदळ आणि शंभर तोफा वेळेत वळवणं ‘नेटिव्ह’ फौजेला जमणार नाही, हे त्याने गृहीत धरलं होतं.

पोलमनने ती वळवली. सगळी ओळ काटकोनात फिरली. उजवं टोक केळणेवर, डावं टोक जुईकाठच्या असई गावावर, मध्ये तोफा. बगल नाहीशी झाली आणि वेलस्लीला आता थेट छातीवरच जावं लागणार होतं. हॅनोव्हरवाल्या मित्राने मोबाइलमध्ये जुना नकाशा आजच्या सॅटेलाइट चित्रावर बसवला होता. तो घेऊन आम्ही चौघांनी कपाशीच्या बांधावर उभं राहून ते वळण स्वतः करून पाहिलं. एक जण असईकडे, एक केळणेकडे, दोघं मध्ये. चार माणसांनासुद्धा एकमेकांकडे बघत बघत सरळ रेषेत वळायला जमेना. त्यांनी अकरा हजार माणसं, बैल, दारूगोळ्याचे गाडे आणि तोफा वळवल्या, आणि तेही शत्रू नदी ओलांडत असताना.

शिंद्यांच्या तोफा सुरू झाल्या तेव्हा इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैलच मेले. वेलस्लीला तोफा मागे टाकून पायदळ पुढे काढावं लागलं. डाव्या अंगाला, केळणेच्या बाजूने ७८ वी हायलँडर आणि मद्रासच्या शिपायांच्या पलटणी तोफांपर्यंत पोहोचल्या. उजव्या अंगाला मात्र घोळ झाला. कर्नल ऑरॉक आपली तुकडी घेऊन थेट असई गावाकडे भरकटला, त्याच्यामागे ७४ वी हायलँडर गेली, आणि गावातल्या तोफा-बंदुकांनी दोघांचा चुराडा केला. ७४ व्या पलटणीत पाचशेच्या आसपास माणसं होती. त्यांतली चारशेच्या वर मेली किंवा जखमी झाली. असई गावाच्या अलीकडच्या रानात आम्ही भाकरी, ठेचा आणि दाण्याची चटणी सोडून बसलो, ती जागा साधारण तीच. तिथे आता मका आहे.

पण मला सांगायचंय ते गोलंदाजांबद्दल. इंग्रजांची ओळ तोफांवरून पुढे निघून गेली. तोफांच्या भोवती गोलंदाज पडलेले. त्यांतले कित्येक मेल्याचं सोंग घेऊन पडले होते. ओळ पुढे जाताच ते उठले, तोफा उलट्या फिरवल्या आणि इंग्रजांच्या पाठीत मारा सुरू केला. पुढे गेलेल्या फौजेला मागे फिरून त्याच तोफा पुन्हा जिंकाव्या लागल्या. वेलस्ली स्वतः त्या धुमश्चक्रीत होता. त्याचा एक घोडा मेला, दुसऱ्याला भाला लागला.

आपल्याकडे असईबद्दल जे काही बोललं जातं त्यात दोन कथा असतात. एक इंग्रजी, वेलिंग्टनच्या थोरवीची. दुसरी आपली, फॉरवर्ड होत राहणारी, की गोऱ्या सेनापतींवर भरवसा ठेवला आणि त्यांनी दगा दिला. दुसऱ्या कथेत तथ्य आहेच. युद्ध सुरू होताच कंपनीने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना बाहेर पडायला सांगितलं, पेन्शनची हमी दिली, आणि बरेच बाहेर पडले. उत्तरेतला शिंद्यांचा मुख्य फ्रेंच सेनापती पेरों याने असईच्या आधीच इंग्रजांचा आसरा घेतला. पोलमनही लढाईनंतर पुन्हा कंपनीच्या चाकरीत दिसतो. रँडॉल्फ कूपर या इतिहासकाराने २००३ मध्ये या मोहिमांवर मोठं पुस्तक लिहिलं. मराठ्यांची शस्त्रं आणि तोफा कमी पडल्या नव्हत्या, कमांडची साखळी पोखरली गेली होती, असा त्याचा युक्तिवाद आहे.

पण असईच्या रानात उभं राहिल्यावर ही दग्याची कथा मला फार सोयीची वाटायला लागली. ती सांगितली की एक प्रश्न विचारावा लागत नाही. तीस-चाळीस हजार घोडदळ कुठे होतं? ते बहुतांश बघत राहिलं. दौलतराव आणि रघूजी दोघंही सुरुवातीलाच रण सोडून गेले, असं इंग्रजी वृत्तांत सांगतात. होळकर तर आलेच नव्हते. ज्या संध्याकाळी परका हॅनोव्हरवाला ओळ वळवत होता आणि तोफेजवळ पडलेला गोलंदाज श्वास रोखून उठायची वेळ बघत होता, त्या संध्याकाळी ज्यांचं राज्य होतं ते तिथे नव्हते. पोलमन पगारासाठी लढला आणि पगार संपल्यावर गेला. त्याच्याकडून अधिक अपेक्षा करायला तो आपला कोण? गोलंदाज मात्र पगारासाठी मेल्याचं सोंग घेऊन पुन्हा उठत नाही. पगारासाठी माणूस सोंग घेऊन पडूनच राहतो.

शेवटी पोलमनचं पायदळ जुई ओलांडून उत्तरेला निघून गेलं. कर्नल मॅक्सवेल पाठलागात मारला गेला. ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. वेलस्लीची ४२८ माणसं मेली, १,१३८ जखमी झाली. पलीकडच्या बाजूची सुमारे बाराशे प्रेतं रानात मोजली गेली. पुढे नेपोलियनला हरवलेला हाच माणूस म्हातारपणी सांगायचा की आपण लढलेल्यांत असई सर्वांत सरस. शिंद्यांचं पायदळ आपल्या फौजेखेरीज हिंदुस्थानात पाहिलेल्यांत उत्तम, असंही त्याने लिहून ठेवलंय. त्या बाराशेंची नावं मात्र त्याच्या पत्रांत नाहीत, आणि दौलतरावांना ती लिहून घ्यायची सवड नव्हती. वेलस्लीच्या बाजूनेही बहुसंख्य माणसं मद्रासकडची, तमिळ-तेलुगू मुलखातली. त्या दिवसाची खूण अजून आपल्याच सैन्यात आहे. मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावर जो हत्ती आहे, तो असईचा हत्ती.

जुईला पाणी घोट्याएवढंच होतं, धरण वर अडवतंय. आम्ही पलीकडे जाऊन उंचवट्यावर बसलो. मैत्रीण म्हणाली, “लढाई इथं संपली, पण जालन्याचं काय झालं ते मुलांना कुणी सांगतच नाही.”

खरंच आहे. ३० डिसेंबर १८०३ ला शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावचा तह केला. त्यात दिल्ली-आग्र्याकडचा मुलूख गेला, हे पुस्तकात असतं. त्याच तहात अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेचा, गोदावरीपर्यंतचा शिंद्यांचा मुलूख गेला आणि त्यात जालन्याचा किल्ला आणि परगणा होता, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. इंग्रजांनी तो स्वतःकडे ठेवला नाही. १८०४ मध्ये तो दोस्त निजामाच्या पदरात टाकला. म्हणजे हातातून जालना गेलं ते इंग्रजांमुळे, आणि राहिलं निजामाकडे, एकशे चव्वेचाळीस वर्षं. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला आणि आमच्या आजोबांना आणखी तेरा महिने थांबावं लागलं, त्याची एक मुळी या मक्याच्या रानात आहे.

१७ सप्टेंबर आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. झेंडावंदन, भाषणं, प्रभातफेरी. त्यानंतर सहाच दिवसांनी येणारी २३ तारीख मात्र येते आणि जाते. भोकरदनला परत आलो तेव्हा अंधार पडत होता. एका शाळेच्या फाटकावर १७ तारखेच्या पताका अजून लावलेल्या होत्या, पावसाने रंग उतरलेल्या. त्याच्याखाली उभं राहून चौघांनी चहा घेतला आणि मैत्रिणीने तिथेच ठरवलं की पुढच्या वर्षी आठवीचा वर्ग घेऊन यायचं, बुटांऐवजी चपला घालून, आणि नदीपाशी पोहोचल्यावर आधी मुलांनाच विचारायचं की उतार कुठे असेल.